नापासांचा हिशेब मांडता मांडता उभं राहिलेलं समुपदेशन केंद्र

विद्यापीठातलं समुपदेशन केंद्र म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती एक शांत खोली, समोरासमोर दोन खुर्च्या आणि मधल्या टेबलावर टिश्यूचा डबा. हे चित्र खरं आहे, पण फार जुनं नाही. ही केंद्रं सुरू झाली तेव्हा टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली, स्टॉपवॉच आणि छापील प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असत. मुलाच्या मनात काय चाललंय, याची चौकशी नंतरची. पहिला प्रश्न असा की हा मुलगा पहिल्या वर्षात गटांगळ्या खाणार का, आणि खाणार असेल तर ते प्रवेश देतानाच कळू शकेल का?

हा इतिहास सांगायला मिनेसोटा विद्यापीठाइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. अमेरिकेच्या उत्तर टोकाकडे, मिनिआपोलिस शहरात मिसिसिपी नदीच्या काठावर हे सरकारी विद्यापीठ आहे. १९३२ साली इथं ‘युनिव्हर्सिटी टेस्टिंग ब्यूरो’ नावाचं कार्यालय उघडलं. पुढं तेच ‘स्टुडंट काउन्सेलिंग ब्यूरो’ झालं. समुपदेशनाच्या क्षेत्रातली बरीच मोठी भांडणं एक तर इथं सुरू झाली किंवा इथं येऊन पेटली.

विद्यापीठीय समुपदेशनाची दोन घराणी आहेत. ती वेगळी ओळखली नाहीत तर पुढचा गोंधळ कळत नाही. एक डॉक्टरांचं. १९१० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात स्ट्युअर्ट पेटन या मनोविकारतज्ज्ञांनी विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा सुरू केली. अमेरिकेतल्या विद्यापीठांमधली ती पहिली मानतात. दुसरं घराणं मास्तरांचं आणि मोजमाप करणाऱ्यांचं, आणि मिनेसोटा या दुसऱ्या घराण्याची राजधानी.

या घराण्याचा मूळपुरुष फ्रँक पार्सन्स. बॉस्टनमध्ये, स्थलांतरितांच्या वस्तीत, जानेवारी १९०८ मध्ये त्यानं व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याचं म्हणणं साधं होतं. आधी स्वतःला नीट ओळखा, मग निरनिराळी कामं काय मागतात ते ओळखा, आणि शेवटी डोकं शांत ठेवून दोन्हींची सांगड घाला. आपल्याकडे दहावीनंतर जे काही ‘करिअर मार्गदर्शन’ होतं, त्याचा सांगाडा आजही हाच आहे. फक्त पार्सन्सजवळ मोजपट्टी नव्हती. तो माणसाशी बोलायचा, लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायचा आणि अंदाज बांधायचा.

मोजपट्टी दिली ती पहिल्या महायुद्धानं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लाखो रंगरूट एकदम भरती झाले. कुणाला अधिकारी करायचं, कुणाला खंदक खणायला पाठवायचं, हे ठरवायला रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी एका वेळी शेकडो जणांना देता येईल अशी लेखी परीक्षा तयार केली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’, न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. सुमारे १७ लाख लोकांची परीक्षा झाली. युद्ध संपलं, चाचण्या घेणारे तरुण मानसशास्त्रज्ञ मोकळे झाले आणि विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून दाखल झाले. त्यांतलेच एक डोनाल्ड पॅटरसन १९२१ मध्ये मिनेसोटात आले.

(या सैनिकी चाचण्यांची एक काळी बाजूही आहे. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी त्यांचे आकडे वापरून १९२३ मध्ये असा निष्कर्ष काढला की दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक जात्याच कमी बुद्धीचे. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. पण तोवर स्थलांतर रोखणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता. हेच ब्रिगहॅम १९२६ पासून घेतल्या गेलेल्या ‘सॅट’ या कॉलेज प्रवेश परीक्षेचे जनक.)

मिनेसोटात पॅटरसनना एक डीन भेटले, जॉन जॉन्स्टन. मूळचे मेंदूच्या रचनेचे अभ्यासक, आणि आता कला-विज्ञान शाखेचे प्रमुख. त्यांच्यापुढचा प्रश्न कुठल्याही सरकारी विद्यापीठाला ओळखीचा वाटेल. राज्यातल्या करदात्यांच्या पैशावर विद्यापीठ चालतं, त्यामुळं हायस्कूल पास झालेल्या राज्यातल्या मुलाला दार बंद करणं अवघड. मुलं लोंढ्यानं येतात आणि पहिल्या वर्षातच मोठ्या संख्येनं गळतात. जॉन्स्टननी जुन्या नोंदी उपसल्या. त्यांच्या लक्षात आलं की मुलाचा हायस्कूलमधला क्रमांक आणि एक अभिक्षमता (म्हणजे शिकण्याची कुवत मोजणारी) चाचणी, एवढ्या दोन गोष्टी जोडल्या तरी पहिल्या वर्षाच्या निकालाचा बराचसा अंदाज येतो.

इथं थोडं थांबून हा अंदाज कसा बांधतात ते बघू, कारण पुढची सगळी भांडणं यावरूनच आहेत. चाचणीत तुम्हाला १२० पैकी ७० गुण मिळाले, या आकड्याला एकट्याला काहीच अर्थ नसतो. आधी हजारो मुलांना तीच चाचणी देऊन त्यांचे गुण लावून ठेवलेले असतात. त्या रांगेत तुम्ही कुठं उभे आहात, हे शोधायचं. शंभरातले ६५ जण तुमच्या मागे असतील तर तुमचा शतमक ६५. मग मागच्या नोंदींशी ताडून बघायचं: या शतमकाच्या आसपासच्या मुलांपैकी किती जण पहिल्या वर्षात तरले? शंभरातले ८० तरले असतील, तर ‘तुझी शक्यता चांगली आहे’ असं सांगायचं. यात एक मेख आहे. ८० तरले हे समूहाबद्दलचं विधान आहे. समोर बसलेली मुलगी त्या ८० मधली की उरलेल्या २० मधली, हे चाचणी सांगत नाही, सांगूही शकत नाही. पालकांना मात्र तेवढंच ऐकायचं असतं.

१९२९ नंतर महामंदी आली. १९३१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठानं रोजगाराच्या अभ्यासासाठी एक संशोधन संस्था उभी केली आणि पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी हजारो बेकारांच्या चाचण्या घेतल्या: बोटांची चपळाई, कारकुनी कामातला वेग, आकृत्या जुळवण्याची हातोटी, आवडीनिवडी. कामावरून निघालेल्या माणसाला दुसरं कुठलं काम जमेल, याचा हा शोध होता. ‘मिनेसोटा’ हे नाव लागलेल्या कितीतरी चाचण्या या काळातल्या. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष लोटस कॉफमन यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. नेहमीच्या पदवीच्या चौकटीत न बसणाऱ्या मुलांसाठी दोन वर्षांचं ‘जनरल कॉलेज’ काढलं, आणि कुणी कुठं जावं हे ठरवायला मदत करणारा टेस्टिंग ब्यूरो काढला. ब्यूरोचे पहिले संचालक एडमंड विल्यमसन, नुकतेच डॉक्टरेट झालेले पॅटरसन यांचे विद्यार्थी.

विल्यमसन यांनी समुपदेशनाला शिस्तशीर कृती दिली. तिच्या पायऱ्या सहा. माहिती गोळा करणं, ती एकत्र मांडून बघणं, अडचणीचं निदान, पुढं काय होईल याचा अंदाज, मग प्रत्यक्ष समुपदेशन, आणि शेवटी पाठपुरावा. बघा, मुलाशी बोलणं पाचव्या पायरीवर येतं! त्याआधी त्याची फाईल फुगलेली असते: शाळेचे गुण, चाचण्यांचे शतमक, घरची परिस्थिती, शिक्षकांचे शेरे. एखादा मुलगा आला आणि म्हणाला, ‘मला इंजिनिअर व्हायचंय’, तर या पद्धतीतला समुपदेशक फाईल उघडून सांगणार, ‘तुझं गणित या रांगेत इथं आहे. या गुणांचे फार थोडे जण इंजिनिअरिंगमध्ये टिकलेत. व्यापार शाखेचा विचार केलास का?’ यात तुसडेपणा नव्हता. उलट, विल्यमसन यांना मनापासून वाटायचं की जाणत्या माणसाकडे माहिती असताना त्यानं गप्प बसणं हाच मुलावर अन्याय. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या शिक्षकांना हे आजही पटेल.

आवडीनिवडी मोजायला ब्यूरोत वापरत ती स्टॅनफर्डच्या एडवर्ड स्ट्राँग यांची १९२७ ची प्रश्नावली. तिच्यात ४२० प्रश्न होते (आकड्यावर हसू नये). तिच्यामागची कल्पना मला आजही हुशारीची वाटते. ‘तुला इंजिनिअर व्हायला आवडेल का?’ असं थेट विचारलं तर मुलगा सिनेमात पाहिलेल्या इंजिनिअरवर उत्तर देतो. म्हणून स्ट्राँगनी प्रत्यक्ष इंजिनिअर, वकील, डॉक्टर अशा लोकांना शेकडो बारीकसारीक गोष्टी विचारल्या: अमुक विषय आवडतो का, तमुक करमणूक आवडते का, अशी माणसं आवडतात का. त्यांच्या आवडीनिवडींचा एक ठसा तयार झाला. मग मुलाचा ठसा कुणाशी जुळतो ते बघायचं. तुला काय जमेल, याचं उत्तर इथं नाही. कुणाच्या संगतीत तू रमशील, याचं आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली, तिचे निकाल वाचताना हा फरक फार थोड्या घरांत लक्षात घेतला गेला. ‘कल वाणिज्यकडे आला’ याचा अर्थ ‘विज्ञान झेपणार नाही’ असा लावून किती चहापाणी आणि रडारड झाली, ते आपण पाहिलंच आहे.

स्ट्राँगच्या प्रश्नावलीची १९३३ मध्ये बायकांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. पुरुषांचा फॉर्म निळा, बायकांचा गुलाबी. गुलाबी फॉर्मवर व्यवसायांची यादी आखूड आणि ठराविक वळणाची. म्हणजे ज्या मुलीची आवड अभियंत्यांशी जुळत होती, तिला तसं सांगायची सोयच त्या कागदात नव्हती. दोन्ही फॉर्म एक व्हायला १९७४ उजाडलं, आणि ते काम केलं मिनेसोटाच्या डेव्हिड कॅम्पबेल यांनी.

मोजपट्टी कुणावर बेतली आहे, हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरणही याच विद्यापीठातलं आहे. तिथल्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ स्टार्क हॅथवे आणि मेंदू-मनोविकारतज्ज्ञ मॅकिन्ली यांनी व्यक्तिमत्त्वाची एक लांबलचक चाचणी बनवली. १९४३ मध्ये ती विद्यापीठाच्याच प्रकाशनानं काढली. तिचं पूर्ण नाव जिभेची परीक्षा घेणारं आहे, म्हणून सगळे तिला ‘एमएमपीआय’ म्हणतात. शेकडो विधानं, प्रत्येकापुढं ‘खरं’ किंवा ‘खोटं’. मनोरुग्णांची उत्तरं ‘सर्वसाधारण’ लोकांपेक्षा कुठं वेगळी पडतात ते बघून तिचे मापदंड ठरवले. मग सर्वसाधारण म्हणजे कोण? रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेले ७२४ लोक! बहुतेक लग्न झालेले, खेड्या-लहान गावांतले, आठवीच्या आसपास शिकलेले गोरे मिनेसोटावासी. शिवाय टेस्टिंग ब्यूरोत मार्गदर्शनाला आलेली, कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलंही तुलनेसाठी घेतली होती. पुढची चार दशकं न्यूयॉर्कचा व्यापारी असो की टेक्ससचा कैदी, त्याचं मन या मंडळींच्या रांगेत उभं करून मोजलं गेलं. १९८९ मध्ये सुधारित आवृत्ती आली तेव्हा कुठं देशभरातून नवा तुलनागट घेतला.

आणि याच काळातली आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे वाट मिळावी असं म्हणणाऱ्या कॉफमन यांच्याच कारकिर्दीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वसतिगृहांत गोऱ्यांबरोबर राहू दिलं जात नव्हतं. विद्यापीठाच्या आवारातल्या इमारतीवरून त्यांचं नाव काढावं, असा आग्रह २०१९ मध्ये झाला. नियामक मंडळानं तो फेटाळला. चाचणीच्या कागदावर वैयक्तिक फरकांचा एवढा सूक्ष्म विचार, आणि राहायच्या खोलीचा निर्णय मात्र कातडीवरून. ब्यूरोची गोष्ट सांगताना हे वगळून सांगितली तर ती खोटी होईल.

आता भांडणाकडे. ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात एक पाहुणा भाषणाला आला. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, ओहायो स्टेट विद्यापीठात नुकताच रुजू झालेला. विषय, मानसोपचारातल्या नव्या कल्पना. बोलायला उभा राहिला तो विल्यमसन यांच्या घरात, आणि बोलला ते साधारण असं: सल्ला देणं, समजावणं, निदान करणं या जुन्या पद्धतींनी माणूस बदलत नाही. समोरच्याचं नीट ऐका, त्याला काय वाटतंय ते त्याला त्याच्याच नजरेतून समजून घेऊ द्या, निर्णय त्याच्यावर सोडा. सभागृहात खळबळ माजली. एवढा गदारोळ होईल अशी आपली अजिबात कल्पना नव्हती, असं रॉजर्सनी पुढं लिहिलं. आपल्या विचारपद्धतीचा जन्मदिवसही ते हाच मानत.

इंजिनिअरिंगवाल्या मुलाचंच उदाहरण घेऊ. तो म्हणतो, ‘गणित जमत नाही, पण घरी सांगायची हिंमत नाही.’ विल्यमसन यांचा माणूस गणिताचा शतमक काढेल. रॉजर्स यांचा माणूस म्हणेल, ‘म्हणजे गणितापेक्षा घरी काय होईल याचीच धास्ती जास्त आहे तुला.’ आणि थांबेल. हे थांबणं वाटतं तितकं सोपं नाही. ते शिकवता यावं म्हणून रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ओहायोत समुपदेशनाच्या भेटी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. १९४२ च्या पुस्तकात रॉजर्सनी एका संपूर्ण उपचाराचा शब्दशः वृत्तांत छापला. तोवर बंद दाराआड काय चालतं हे फक्त समुपदेशकाच्या सांगण्यावरून कळायचं. आपण ऐकतो असं समजणारे समुपदेशक प्रत्यक्षात किती बोलतात, हे तबकड्यांनी उघड केलं. माझ्या मते, रॉजर्सच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा ही तबकडी अधिक मोलाची.

विल्यमसन यांच्या बाजूलाही घरातूनच एक टोला बसला. थिओडोर सार्बिन यांनी १९४३ मध्ये मिनेसोटातल्या १६२ नव्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. या मुलांना पहिल्या वर्षात किती गुण पडतील, याचा अंदाज अनुभवी समुपदेशकांनी वर्तवला. त्यांच्याकडे सगळी फाईल होती आणि मुलाशी ते स्वतः बोललेही होते. दुसरीकडे एका कारकुनानं फक्त दोन आकडे, हायस्कूलमधला क्रमांक आणि अभिक्षमता चाचणीचे गुण, ठरलेल्या सूत्रात घातले. समुपदेशकांचा अंदाज कारकुनापेक्षा सरस ठरला नाही. १९५४ मध्ये मिनेसोटाच्याच पॉल मील यांनी असे अनेक अभ्यास एकत्र मांडले आणि तज्ज्ञांच्या अंदाजाविरुद्ध सूत्राची बाजू भक्कम केली. यातून निघणारा अर्थ गंमतीदार आहे. भविष्य वर्तवणं हेच समुपदेशकाचं काम असेल, तर ते कारकून करू शकतो. मग समुपदेशकानं करायचं काय? आडवाटेनं का होईना, आकडेवारीवाल्यांनी रॉजर्स यांचंच दार उघडून दिलं होतं.

तात्त्विक वाद असे चालू असतानाच पैसा आला आणि सगळ्याचा आकार बदलला. जून १९४४ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी ‘जीआय बिल’ मंजूर झालं. कॉलेजची फी, पुस्तकं, राहायचा खर्च सरकारनं उचलला. सुमारे २२ लाख माजी सैनिकांनी कॉलेजात नाव घातलं. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे तेच होते. पंचविशी ओलांडलेले, कित्येक बायकापोरांचे धनी, शाळा अर्धवट सोडून लढाईवर गेलेले. त्यांना मार्गदर्शन द्यायला माजी सैनिकांच्या सरकारी खात्यानं देशभरातल्या विद्यापीठांशी करार केले आणि त्या पैशातून शेकडो केंद्रं उभी राहिली. करार संपले तेव्हा अनेक विद्यापीठांनी ती केंद्रं आपल्या पदरी घेतली. १९५० मध्ये मध्यपश्चिमेतल्या केंद्रप्रमुखांनी एकत्र भेटायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढं देशभरातल्या केंद्रप्रमुखांची संघटना झाली.

चाचण्यांचा विभाग याच काळात वेगळ्या वाटेला लागला. १९३८ मध्ये आयबीएमचं उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बाजारात आलं होतं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, या एवढ्या गोष्टीवर ते चालायचं: पेन्सिलीची खूण असेल तिथं प्रवाह जाणार. खूण गडद करा, मऊ पेन्सिलच वापरा, या सूचना तिथून आल्या आहेत. यंत्रामुळं एका दुपारी हजारो कागद तपासता येऊ लागले. मग शाळा न संपवलेल्या सैनिकांसाठीची समकक्ष परीक्षा, प्रवेश परीक्षा, प्राध्यापकांच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका, सगळंच या खिडकीवर यायला लागलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक उपग्रह सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं केलेल्या शिक्षण कायद्यात हुशार मुलं हेरण्यासाठी चाचण्या आणि मार्गदर्शनाला वेगळा निधी ठेवला. चाचणी आता राष्ट्रीय संरक्षणाचं काम झाली. खोलीत बसून एका मुलाशी तासभर बोलणारा माणूस आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तीनशे जणांवर नजर ठेवणारा माणूस, यांचं एका छपराखाली राहणं अवघड होत गेलं. पुष्कळ विद्यापीठांत ‘टेस्टिंग सेंटर’ वेगळं झालं. आज पुण्यामुंबईचा मुलगा अमेरिकेत जाऊन अशा केंद्रात बसतो तो बहुधा परीक्षेपुरताच. एकेकाळी हे आणि शेजारचं समुपदेशन केंद्र एकाच कपाटातून चालायचं, याचा तिथं मागमूस नसतो.

विल्यमसन स्वतः १९४१ मध्ये विद्यार्थ्यांचे डीन झाले. म्हणजे ज्याच्याकडे मन मोकळं करायचं, शिक्षाही त्याच्याच कचेरीतून होणार. शिस्त हाही समुपदेशनाचाच भाग, असं ते ठामपणे मांडत राहिले. साठच्या दशकात ही मांडणी टिकणं शक्य नव्हतं. १९६१ च्या एका न्यायालयीन निकालानं सरकारी कॉलेजला विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढून टाकायला मनाई केली, व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलनं पेटली, आणि विद्यापीठ म्हणजे मुलांचे आईबाप ही कल्पनाच मोडीत निघाली. समुपदेशकांनी डीनच्या कचेरीपासून अंतर घेतलं. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही, हे आता त्यांचं मुख्य वचन झालं.

या वचनाला सीमा कुठं, हे ठरवणारं प्रकरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारातलं आहे, आणि त्यात भारतातून गेलेला एक विद्यार्थी होता. १९६९ मध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेताना त्यानं मानसोपचारकाला सांगितलं की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसोपचारकानं आवारातल्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला ताब्यात घेतलं, तो शांत वाटला, सोडून दिलं. त्या तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यानं तिचा खून केला. ‘तारासॉफ खटला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये निकाल दिला की दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका दिसत असेल, तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी योग्य ती पावलं उचलणं उपचारकाचं कर्तव्य आहे. आज अमेरिकेतल्या कुठल्याही केंद्रात पहिल्या भेटीला जो कागद सहीसाठी पुढं येतो, त्यातला ‘गोपनीयतेचे अपवाद’ हा परिच्छेद बराचसा या निकालाचा वारसा आहे. प्रत्येक राज्याचा कायदा थोडा वेगळा आहे. एरवी मात्र अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाबद्दल फी भरणाऱ्या वडिलांनी फोन करून विचारलं, तरी त्याच्या परवानगीशिवाय तो तिथं येतो की नाही एवढंसुद्धा सांगत नाहीत. आपल्या पालकांना हे पचायला जड जातं.

सत्तरीनंतर केंद्रांकडे येणाऱ्या तक्रारी बदलत गेल्या: विषय कुठला निवडू, याच्या जागी झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जगावंसं वाटत नाही. मास्तरांचं घराणं हळूहळू डॉक्टरांच्या घराण्यात मिसळलं, तरी दारं बहुतेक ठिकाणी दोन राहिली. मिनेसोटातही विद्यार्थी आरोग्य केंद्राचा मानसिक आरोग्य विभाग वेगळा आणि समुपदेशन सेवा वेगळी. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ३२ जणांचा गोळ्या घालून बळी घेतला, त्यानंतर केंद्रांवर धोका आधीच ओळखण्याचं ओझं आलं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकेंद्राच्या माहितीनुसार २००९ ते २०१५ या काळात विद्यार्थिसंख्या सरासरी पाचेक टक्क्यांनी वाढली, पण समुपदेशन केंद्रांत येणाऱ्यांची संख्या ३० ते ४० टक्क्यांनी वाढली. म्हणून आता अनेक ठिकाणी एका विद्यार्थ्याला किती भेटी द्यायच्या यावर मर्यादा असते. दीर्घ उपचार हवा असेल तर बाहेरच्या उपचारकाकडे पाठवतात. पहिल्या भेटीआधी एक प्रश्नावली भरून घेतात आणि तुमची चिंता, खिन्नता, अभ्यासाचा ताण इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत कुठं आहे हे शतमकात काढतात. रॉजर्सना हे फारसं रुचलं नसतं.

भारतातही सुरुवात मोजमापाच्या बाजूनंच झाली. १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात मार्गदर्शनाचं काम सुरू झालं. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांनी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं, १९४७ मध्ये पारशी पंचायतीनं, १९५० मध्ये मुंबई सरकारनं. म्हणजे ‘मुलाची अॅप्टिट्यूड टेस्ट करून घेऊ’ ही मराठी मध्यमवर्गाची सवय आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे. ऐकून घेणारं केंद्र मात्र फार उशिरा आलं, आणि बहुतेक कॉलेजांत अजून यायचंच आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे.

ही जागा भरताना कॉलेजं काय करतील, याची मला धाकधूक आहे. प्लेसमेंट बघणाऱ्या किंवा शिस्त समितीवर असलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात ही माळ घालणं सगळ्यात स्वस्त पडेल. पण ज्यांच्या हातात शिफारसपत्र आहे, हजेरी आहे, वसतिगृहातून काढायचा अधिकार आहे, त्यांच्यापुढं बसून कुठलीही मुलगी ‘मला रात्र रात्र झोप येत नाही’ असं म्हणणार नाही. मिनेसोटाला हे कळायला तीसेक वर्षं लागली, आणि तिथं निदान विल्यमसन यांच्यासारखा अभ्यासू माणूस होता.